काट्यावर न चढलेली गाभोळी

शनिवारच्या सभेत रिझिकी एकटी पडणार, ही काळजी मेजुमाच्या मानगुटीवर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. नारळ खवताना तीच, शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासताना तीच. मुलगी सत्तावीस वर्षांची, स्वतःचं कमावणारी. पण मेजुमाच्या डोळ्यांपुढे ती यायची ती अशी: किनाऱ्यावरच्या चिंचेखाली सगळं गाव बसलंय, मध्ये ही उभी आहे, हातात ती निळी वही, आणि एकही तोंड हिच्या बाजूने उघडत नाही. गप्प बसली असती तर प्रश्नच नव्हता. पण गप्प बसणं रिझिकीच्या रक्तातच नव्हतं.

म्क्वाजुनी गावात मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या हाती सुरी येते. इथला रोजचा मासा तफी, तिच्या पाठीवरचे काटे विषारी. एक टोचला तरी हात कोपरापर्यंत ठणकतो, गरम पाण्यात बुडवून बसावं लागतं. बाकीच्या मुली काटे छाटायच्या, पोट काढून फेकायच्या आणि खेळायला पळायच्या. रिझिकी पोट उघडून आत बघत बसायची. तफी शेवाळ खाते, तिच्या आतड्यांचा आंबूस वास भल्याभल्यांना सोसवत नाही. हिला त्याचं काहीच नाही.

"आई, ह्याच्यात नुसता दोरा आहे, आणि त्याच्यात केवढी पिशवी. असं का?"

मेजुमा तेव्हा गावच्या शाळेत शिक्षिका. मोंबासाच्या अध्यापक विद्यालयात शिकून आलेली, विज्ञान शिकवणारी. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं. पण ह्या प्रश्नाचं उत्तर तिच्या पुस्तकात नव्हतं. "मोठी झालीस की कळेल," ती म्हणाली. आयांचं ठरलेलं उत्तर. रिझिकी मोठी झाली आणि तिने ते खरंच कळून घेतलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

विद्यापीठाच्या प्रवेशाला तिला दोन गुण कमी पडले. मग मत्स्यशिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग एका बर्फाच्या कारखान्यात नोकरी, मग उकुंडाला लग्न. जावई मोबाइलच्या दुकानाचा मालक, गोरागोमटा, अत्तर लावणारा. त्याची तक्रार एकच, हिच्या हातांना वास येतो. एकदा तो हे मेजुमासमोर बोलला. रिझिकीने तिथल्या तिथे आपला हात हुंगला आणि म्हणाली, "पगाराचा वास आहे. तुझ्या हातांना कसला येतो?" चौदा महिन्यांत ती ट्रंक घेऊन परत आली. मेजुमा तीन दिवस रडली आणि रिझिकी तीन दिवस झोपली. चौथ्या दिवशी उठून तिने विचारलं, "किनाऱ्यावर काही काम आहे का?"

काम होतं. मोंबासाच्या एका संशोधन संस्थेला गावात माणूस हवं होतं. तफी कधी वीण घालते, किती लांबीची झाली की पहिल्यांदा वीण घालते, हे शोधायचं. त्यावरून वर्षातले काही दिवस खडकावरची मासेमारी बंद ठेवायची. दर आठवड्याला, किनाऱ्यावर विकायचा मासा तोलतात त्या काट्यावरून तीस तफी घ्यायच्या. लांबी मोजायची, वजन करायचं, पोट चिरायचं, अंड्यांची पिशवी म्हणजे गाभोळी काढून छोट्या तराजूवर तोलायची आणि तिला एक ते सहा यातला एक आकडा द्यायचा. दोऱ्यासारखी असली तर एक. दाणे डोळ्यांना दिसू लागले की तीन. पोटावर अंगठा दाबताच अंडी वाहू लागली तर पाच. रिकामी, लालसर, लोंबणारी पिशवी म्हणजे सहा. रिझिकीने त्यांना नावंही दिली होती. एक म्हणजे कुमारिका, सहा म्हणजे बाळंतीण. तक्त्यात मात्र नुसते आकडे जायचे.

गावाने तिलाही नाव दिलं, 'माशांची सुईण'.

"सुईणबाई, आज किती बाळंतपणं?" होडी ओढणारे ओरडायचे.

"तुझ्या टोपलीत सगळ्या पोरीबाळीच आहेत रे. लाज नाही वाटत?" ही तिकडून.

हसणं व्हायचं, दिवस जायचे. मेजुमालाही वाटलं, चला, पोरीचं बस्तान बसलं.

आठ महिन्यांनी तक्त्यातून जे निघालं ते सगळ्यांनाच आवडलं. भरलेल्या गाभोळ्या सापडल्या त्या जून-जुलैत. जानेवारीत जवळजवळ नाहीच. म्हणजे बंद ठेवायचे ते जून-जुलै. आता जून-जुलैत कुसी वारा असा सुटतो की खडकावर वेताचे सापळे लावणाऱ्या सापळेवाल्यांची होडकी वाळूवर पालथी पडलेली असतात. कोणी खडकाकडे फिरकत नाही. तेव्हा काट्यावर मासा येतो तो खाडीत जाळी टाकणाऱ्या बाहेरगावच्या लोकांचा. सगळे खूश झाले. नुकसान कोणाचंच नाही, आणि पाटी लागणार 'संरक्षित किनारा'.

मग जानेवारीतली ती दुपारची जेवणाची वेळ आली.

मेजुमाने गाभोळी तळली होती, वर लिंबू पिळलं होतं, शेजारी नारळाच्या दुधातला भात. रिझिकी किनाऱ्यावरून आली, हात तीनदा धुतले आणि जेवायला बसली. दुसऱ्या घासाला थांबली.

"आई, ही कशाची?"

"तफीची. तुझ्या मामाने पाठवली."

"कधी?"

"आज सकाळी. दर जानेवारीत पाठवतो की. दात आले तेव्हापासून खातेस."

रिझिकीने घास ताटात ठेवला आणि बोटाने फोडून बघितला. "दाणे बघ. ही पाच आहे, आई. पाच नंबर!"

"असेल. मीठ झालंय ना बरोबर?"

"आई, मी सकाळी काट्याजवळच होते. म्वेरोमामाच्या होडीतल्या तीस तफी चिरल्या. एकीतही ही नव्हती."

"काट्यावर कशी असेल?" मेजुमा सहज बोलून गेली. "पोटुशी मासळी कोणी काट्यावर ठेवतं का?"

आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

ह्या गावात ही गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही, कारण ती सगळ्यांना माहीत असते. वेताचा सापळा होडीत रिकामा करताना सापळेवाले प्रत्येक माशाच्या पोटावरून अंगठा फिरवतात. पोट भरलेलं लागलं की ती तफी वेगळ्या, झावळीने झाकलेल्या टोपलीत. तिला म्हणायचं बायकांची टोपली. ती आधी बाळंतिणीच्या घरी जाते, मग गरोदर बाईच्या, मग बहिणींकडे. ती विकायची नाही, तोलायची नाही. पोटुशीला तोललं तर दर्या हात आखडता घेतो. बाहेरगावच्या जाळीवाल्यांना हा नेम नाही, म्हणून त्यांच्या भरलेल्या तफी जून-जुलैत तशाच काट्यावर चढल्या होत्या. दहा वर्षांची असताना रिझिकीने स्वतः ती टोपली डोक्यावरून घरोघर पोहोचवली होती. आणि तीच रिझिकी जुलै सरल्यापासून काट्याजवळ बसून लिहीत होती, भरलेली मादी आढळली नाही.

परका कोणी असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, त्या झाकलेल्या टोपलीत काय आहे? हिने विचारलं नाही, कारण हिला माहीत होतं.

"मी गाढव आहे," रिझिकी म्हणाली.

"जेव आधी."

"आठ महिने, आई! आठ महिने मी उरलेला मासा मोजला!" आणि तिने ताटातली गाभोळी उचलली, खाल्ली नाही, तराजूवर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर हिंडायला लागली. पिशवीत तराजू, लांबी मोजायची पट्टी, निळी वही. टोपली घरात पोहोचली की ही मागून दारात.

"अगं, तेल तापलंय!" शेजारची साउमू ओरडायची.

"तापू दे. दोन मिनिटं. पूर्ण मासा दे, साफ करू नकोस अजून."

"आधी नवरा उशिरा यायचा म्हणून जेवण अडायचं. आता ही वजन करते म्हणून अडतं."

"नवऱ्यापेक्षा लवकर आटपते मी."

बायका हसायच्या, पण द्यायच्या. रिझिकीने त्यांना शब्द दिला होता की कोणाचंही नाव वहीत येणार नाही, नुसता चुलीचा नंबर. एप्रिल उजाडेपर्यंत वहीत एकशे त्रेचाळीस गाभोळ्या जमल्या. जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहुतेक चार नाहीतर पाच नंबरच्या, आणि त्यातही पौर्णिमेनंतरच्या आठ-दहा दिवसांत आलेल्या सर्वांत जास्त भरलेल्या. ज्या दिवसांत दर्या आरशासारखा असतो, हॉटेलवाले दारात येऊन मासा घेतात, सापळेवाले वर्षाची कमाई करतात, नेमक्या त्याच दिवसांत तफी वीण घालत होती.

रिझिकीने संस्थेला लिहून कळवलं, माझे आठ महिन्यांचे तक्ते चुकीचे आहेत, ते वापरू नका.

स्वतःचंच काम चुकलं असं लेखी देणारं माणूस मेजुमाने एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. 

ही गोष्ट चुलीपुढून होड्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात म्वेरो आला. मेजुमाचा पाठचा एकुलता एक भाऊ, गावातला सगळ्यात जुना सापळेवाला. घरात आला नाही, बाहेरच्या ओट्यावर बसला.

"मामा, पाया पडते," रिझिकी म्हणाली.

"पाया पडतेस आणि पायाखालचं ओढतेस." मग बहिणीकडे वळून, "ताई, तुझ्या लेकीला सांग, लोकांच्या चुलीत नाक खुपसू नकोस. उद्या आमच्या बायकांची पोटंही तोलशील."

"बायकांची नोंद दवाखाना ठेवतो, मामा. तफीची ठेवणारं कोणी नाही."

"जून-जुलै बंद करताय ना? करा. एक माणूस ओरडणार नाही."

"कसा ओरडेल? जून-जुलैत दर्या आपणहूनच बंद असतो. बंद दाराला आणखी कुलूप लावून राखायचं काय?"

"आणि जानेवारीला कुलूप लावलंस तर खायचं काय? तुझी पट्टी?"

"सगळा जानेवारी नाही म्हणत मी. पौर्णिमेनंतरचे आठ-दहा दिवस. सापळ्यांची दारं उघडी ठेवायची, बस."

"आज आठ दिवस, उद्या महिना, परवा अख्खं वर्ष. ह्या ऑफिसवाल्यांना बोट दिलं की मनगट धरतात. मी पाहिलंय."

"आजोबांना टोपली भरायला किती सापळे लागायचे?"

म्वेरो दर्याकडे बघत राहिला. "बारा."

"तुम्हाला?"

म्वेरो पायाच्या अंगठ्याने ओट्याखालची वाळू उकरू लागला.

"चाळीस. आणि चाळिसांत येते ती माझ्या तळहाताएवढी. काट्यावरच्या शंभरांतल्या साठ कुमारिका होत्या, मामा. आयुष्यात एकदाही न व्यालेल्या."

"मासा कधी व्यायचा ते मासा ठरवतो. तुम्ही कागदावर बाळंतपणं करता!" तो उठला. मेजुमा कॉफी घेऊन बाहेर आली होती; त्याने कपाला हात लावला नाही. "ऐक ताई. सभेत मी उभा राहून सांगणार आहे, म्क्वाजुनीत जानेवारीला गाभोळी नसते. कोण मला खोटं पाडतं ते बघतो."

त्या दिवसापासून त्यांच्या घरी टोपली आली नाही. कोणाच्याच घरी रिझिकीला वजन करू देईनात. साउमूने नवा लेसो आणला. अंगाभोवती गुंडाळायच्या ह्या कापडाच्या काठावर एखादी म्हण छापलेली असतेच, आणि कोणासमोर कोणता नेसायचा हे बायका ठरवून नेसतात. हा नेसून ती मुद्दाम त्यांच्या अंगणावरून दोनदा गेली. काठावर होतं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.

रिझिकीने कुंपणावरून हाक मारली. "साउमूबाई, छान आहे गं रंग! पण मी वासे नाही मोजत. अंडी मोजते."

मेजुमाने तिला दंड धरून आत ओढलं. तिला हसू आलं नाही.

आणि मग ह्या मंगळवारी वान्जाला साहेब गाडी घेऊन आले. संस्थेतले रिझिकीचे वरिष्ठ. दूर पश्चिमेकडचे, पण किनाऱ्यावर इतकी वर्षं काढलेली की न्याहारीला म्हामरीच्या पुऱ्यांबरोबर मबाझीची उसळ मागून घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. मेजुमाला त्याचीच भीती वाटली; वाईट माणसाशी भांडता येतं.

"बाई, तुमची मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "फार हुशार आहे. तीच अडचण आहे."

रिझिकीने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी पानं उलटली, सावकाश, खरंच वाचत.

"नमुने काट्यावरून घ्यायचे असं ठरलं होतं, रिझिकी. चुलीवरून नाही."

"तफीला ते कोणी कळवलं नव्हतं, सर."

"ह्यात निम्म्यांची लांबी नाही."

"सत्तर मासे पूर्ण मोजलेत, साफ करायच्या आधी. शेवटची पानं बघा."

"बघितली. कोणाच्या घरचे? नाव नाही, सही नाही. उद्या मला कोणी विचारलं तर काय सांगू? चौदा नंबरच्या चुलीने सांगितलं?"

"मी शब्द दिलाय त्यांना."

"आणि मला अहवाल द्यायचाय, जून लागायच्या आत. शनिवारी गावाची सभा जून-जुलैला हो म्हणेल आणि विषय मिटेल. गाव खूश, ऑफिस खूश."

"आणि तफी?"

त्यांनी डोळे चोळले. "तक्त्यांखाली नमुने घेणारीची सही लागते. शनिवारपर्यंत. नाही केलीस तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मी हे आनंदाने बोलत नाहीये."

"चूक मी केली, सर. ती खोडायचा हक्कही माझाच आहे. तिच्याखाली सही कशी करू?"

वान्जाला साहेबांनी वही मिटली. मग ते म्हणाले, "एक माणूस उभा कर. एकच. ह्याच गावातला, नावानिशी सांगणारा, की होय, जानेवारीत भरलेली मासळी येते आणि ती काट्यावर चढत नाही. सभेच्या कागदावर एवढं उतरलं तर मी वर सांगू शकतो, अजून एक वर्ष मोजू, मग बंद करू. तोपर्यंत तुझी नोकरीही राहील. नुसत्या तुझ्या शब्दावर नाही. तू तर आमचीच पगारी."

मेजुमा किटली धरून दारात उभी होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तिने त्यांच्या कपात कॉफी ओतली.

गाडी गेल्यावर ती रिझिकीला म्हणाली, "कर ना सही. दोन अक्षरं तर आहेत. तुझं काय जातं?"

"माझं नाव जातं."

"नोकरी गेली तर नाव चाटत बसशील?"

"बर्फाच्या कारखान्यात जाईन परत. पण आठ महिन्यांचं खोटं मी माझ्या नावाने चालू देणार नाही, आई. माझ्या नावाने तर नाहीच नाही."

मेजुमाला राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती. पोरीला नवरा उरला नव्हता. आता ऑफिस जाणार, गाव तर गेलंच होतं. आई किती दिवस पुरणार?

म्हणून शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून पुरुष अजून मशिदीच्या पायऱ्यांवर गप्पा मारत होते तेव्हा, मेजुमा बाहेर पडली. आधी साउमूकडे.

"साउमू, उद्या तू बोल. दोन वाक्यं. तुझ्या दोन्ही बाळंतपणांत टोपली आली होती, एवढंच."

साउमूने लेसोचा पदर तोंडावर ओढला. तिला लाज वाटली हे मेजुमाला दिसलं. "बाई, मला नवरा आहे. त्याचे वीस सापळे आहेत."

"तुझा नवरा माझ्याच हाताखाली शिकलाय."

"शिकलाय ना. पण जेवतो म्वेरोच्या होडीवर."

मग तूमूकडे. जानेवारीतली बाळंतीण, बाळ छातीशी. ती रडवेली झाली. "बाई, ह्या पोराच्या वेळी दूध उतरत नव्हतं. म्वेरोकाकांची टोपली आली तेव्हा उतरलं. त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं कसं पाडू? मला पाप लागेल."

मेजुमाने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. आणखी दोन दारं वाजवली. एका दारात डोकेदुखी होती, एका दारात कोणी नव्हतं, पण आत भांडं पडल्याचा आवाज आला.

घरी रिझिकी पायरीवर बसून तराजूची पितळी ताटली लिंबाने घासत होती.

"कुठे गेली होतीस?"

"साखर आणायला."

"कुठाय साखर?"

मेजुमा आत गेली. निळी वही मेजावर होती. उद्या पोरगी काय वाचणार ते तरी बघावं म्हणून तिने उघडली. पहिलं पान. तारीख, चुलीचा नंबर, लांबी, वजन, आकडा. अक्षर तिनेच गिरवून घेतलेलं, उभी रेघ सरळ, आडवी रेघ सरळ. पहिली नोंद दोन नंबरच्या चुलीची. मग पाच, मग नऊ, मग पुन्हा दोन. ती पानामागून पान उलटत गेली. सतरा चुली होत्या. एक नंबरची कुठेच नव्हती. आणि तारीख बघितली तर वही सुरू होत होती त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी.

ती वही घेऊन दारात आली. "एक नंबरची चूल कोणाची?"

रिझिकी घासत राहिली. "ती नाही घेतली."

"का?"

"पुरेशा आहेत बाकीच्या."

"रिझिकी."

"तुझी आहे," रिझिकी म्हणाली. "त्या दिवशीचं वजन माझ्याकडे आहे. सगळ्यात पहिलं, सगळ्यात भरलेलं, एकशे चव्वेचाळीसावं. पण ते वहीत घातलं तर उद्या मामा विचारणार, एक नंबर कोण? नंबर एक म्हणजे कोण हे आंधळ्यालाही कळेल. तो तुझा एकच भाऊ आहे, आई. मी मामाशी भांडेन, तू नको भांडूस. उद्या तू येऊच नकोस. घरीच थांब."

"आणि तू?"

"मी बोलेन आणि येईन. खातात की काय मला?"

हे ती मान वर करून बोलली, आणि तिचे हात मात्र थांबले नाहीत. मेजुमाने ते हात बघितले. काट्यांच्या टोचण्या, नमुने टिकवायच्या औषधाने सोललेली कातडी, वाकडी झालेली करंगळी.

ती परत आत गेली आणि खाटेवर बसली. चार दारं वाजवून आली होती ती. चौघींकडे मागायला गेली होती, तुझं नाव दे, तुझ्या माणसाच्या तोंडावर बोल. त्यांना नवरे होते, सापळे होते, अंगावरचं पोर होतं. आपल्याकडे काय होतं न बोलायला? निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्याला येतं. ते म्वेरो बंद करू शकत नाही. वान्जाला साहेबांनी एक माणूस मागितला तेव्हा तिने त्यांच्या कपात कॉफी ओतली होती. भरलेल्या कपात. बशीत सांडली होती, हे तिला आत्ता आठवलं.

भाऊ. त्याच्याशिवाय तिला कबरीत उतरवायला जवळचं कोणी नव्हतं. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला भरवलं होतं, आणि तो कमावता झाल्यावर पहिल्या टोपलीतली पहिली तफी त्याने तिच्याकडे आणली होती, पळत, ओल्या अंगाने. त्यानंतर एकही जानेवारी चुकवला नव्हता. आणि तोच उद्या चिंचेखाली उभा राहून म्हणणार, जानेवारीत गाभोळी नसते. म्हणजे ते सगळे जानेवारी नव्हतेच? तिला एकाएकी त्याचाच राग आला. रिझिकीच्या नोकरीपायी नाही, स्वतःच्या वाट्यासाठी. त्याने दिलेलं तो तिच्या देखत नाही म्हणणार होता.

तिने उशीखालचा फोन काढला आणि दारात आली.

"कोणाला लावतेस?" रिझिकीने विचारलं.

"तुझ्या मामाला."

रिझिकीने ताटली खाली ठेवली. "आई, विनवू नकोस त्याला. माझ्यासाठी कोणाच्या पाया पडायचं नाही. आत्ताच सांगते."

"विनवायला कोण करतंय? सांगायला करतेय." मेजुमाचा आवाज थोडा चिरकला, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा तसाच पोहोचला. "उद्या सभेत मी उभी राहणार आहे. नाव मेजुमा, चूल नंबर एक. दर जानेवारीत माझ्या घरी काय येतं, कोणाच्या हातचं येतं, सगळं सांगणार. सभेचा कागद शेबे लिहितो ना? त्याला अक्षर मीच शिकवलंय. लिहून घेईल मुकाट्याने. आणि वाचून दाखवायला लावीन."

"आणि मामा?"

"त्याला सभेत कळायला नको. आधी माझ्या तोंडून कळू दे. भाऊ आहे माझा."

"तो तोडेल तुला."

"तोडू दे. तोडायचं असेल तर खरं ऐकून तोडू दे."

रिझिकी उठून उभी राहिली. काहीतरी बोलणार होती, पण मेजुमाने हात वर केला, वर्ग गप्प करायला करायची तसा. चष्मा नाकावर सरकवला, यादीत म्वेरोचं नाव शोधलं, आणि अंगठ्याने दाबलं.